मुखपृष्ठ : इतिहासाचे एक उपेक्षित साधन
(चित्रपटविषयक व मराठी नियतकालिकांवरील चित्रित मुखपृष्ठांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचा विचार आजवर प्रामुख्याने संपादक, लेखक, वाङ्मयीन भूमिका आणि वाद यांच्या अनुषंगाने झालेला आहे. नियतकालिकातील मजकुराला साधनाचे स्थान मिळाले. परंतु त्या मजकुराआधी वाचकाच्या नजरेस पडणाऱ्या मुखपृष्ठाला ते मिळाले नाही. मुखपृष्ठ म्हणजे शोभेचे वेष्टन, अशीच समजूत अभ्यासकांत दीर्घकाळ रूढ राहिली. या समजुतीचा परिणाम केवळ लेखनापुरता मर्यादित नाही, तो प्रत्यक्ष संग्रहांवरही झालेला आहे. मासिकांचे सुटे अंक एकत्र करून वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे मजकूर टिकला आणि मुखपृष्ठ रद्दीत गेले.

प्रस्तुत लेखात १९३५ ते १९७५ या सुमारे चार दशकांतील चित्रित मुखपृष्ठांचा, विशेषतः चित्रपटविषयक नियतकालिकांवरील मुखपृष्ठांचा, ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. ही मुखपृष्ठे कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, मुद्रणतंत्राने त्यांना कसा आकार दिला, त्यांतून समाजाविषयी काय कळते व काय दडते, आणि बारामती–इंदापूरसारख्या परिसरातील ग्रंथालयांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व काय, हे चार प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. विवेचनाची पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

पार्श्वभूमी : छापील चित्राची महाराष्ट्रातील परंपरा

मुखपृष्ठावरील रंगीत चित्र अचानक अवतरले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछाप चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर गेली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलला. या दोन्ही प्रयत्नांमुळे मूळ चित्र विकत घेणे ज्याला कधीच शक्य नव्हते, अशा वाचकाच्या हाती रंगीत प्रतिमा आली.

दुसरा प्रवाह मासिकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. दिवाळी अंक ही वर्षातून एकदा, ठरवून, घरातील सर्वांसाठी घेतली जाणारी वस्तू ठरल्यावर तिच्या बाह्यरूपाला व्यापारी महत्त्व आले.

तिसरा प्रवाह चित्रपटाचा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मुळात चित्रकार. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, 'सैरंध्री' (१९२०) काढला आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगविली. त्यांच्या तालमीत तयार झालेले विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल हे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार होते. ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. म्हणजेच मराठी भाषिक प्रदेशात चित्रपट आणि चित्रकला यांचा संबंध प्रारंभापासून कुटुंबातल्या नात्यासारखा होता. चित्रपटविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर रंगविलेले चित्र येणे हे याच नात्याचे पुढचे पाऊल होय.

'फिल्मइंडिया' आणि मुखपृष्ठाचे चित्रकार

बाबूराव पटेल (१९०४–१९८२) यांनी १९३५ मध्ये मुंबईहून 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. १९६० च्या सुमारास त्याचे 'मदर इंडिया' या राजकीय नियतकालिकात रूपांतर होईपर्यंत चित्रपटविषयक पत्रकारितेत या मासिकाचा दरारा होता. मासिक इंग्रजी असले तरी त्याचे दृश्यरूप घडविणाऱ्यांत मुंबईत काम करणारे, मराठी मासिकांच्या वाचकांनाही परिचित असलेले चित्रकार होते. एस. एम. पंडित (१९१६–१९९३) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घ्यावी लागतात.

पंडित मूळचे गुलबर्ग्याचे. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयाचे शिक्षण घेऊन ते प्रसिद्धिचित्रांच्या व्यवसायात आले. 'बरसात' (१९४९) च्या भित्तिपत्रकामुळे त्यांचे नाव चित्रपटसृष्टीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. मुळगांवकर गोव्याचे. हवेच्या दाबाने रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणाऱ्या स्प्रेच्या तंत्रावर त्यांचे असाधारण प्रभुत्व होते. त्वचेचा मऊपणा आणि छायाप्रकाशाचा सलग उतार ही त्यांच्या चित्रांची ओळख ठरली. पुढे 'रत्नप्रभा' या वार्षिकामुळे मराठी घरांत त्यांचे नाव पोहोचले.

याच पिढीतील तिसरे नाव दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांचे. तेही गोव्याचे. त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हे वार्षिक सुरू केले. दलाल मुख्यतः साहित्यिक मासिके, कथासंग्रह व कादंबऱ्या यांच्या मुखपृष्ठांचे चित्रकार होत. त्यांची रेषा लवचीक, रंग सपाट आणि रचना आटोपशीर असे. मुळगांवकरांचे चित्र डोळ्यांना स्पर्शाचा भास देते, तर दलालांचे चित्र लयीचा. मराठी वाचक या दोघांतील फरक सही न पाहताही ओळखत असे, ही गोष्ट त्या काळच्या दृश्यसाक्षरतेविषयी बरेच काही सांगते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावर 'दलाल' किंवा 'मुळगांवकर' अशी सही ठळकपणे असे आणि तिच्यामुळे अंक खपे. याउलट चित्रपटगृहाबाहेरील अवाढव्य फलक रंगविणाऱ्या बहुसंख्य कारागिरांची नावे अज्ञातच राहिली. तोच चेहरा, तोच रंग, परंतु एक कलाकृती ठरली व दुसरी मजुरी. मुखपृष्ठाच्या इतिहासात चित्रकाराच्या प्रतिष्ठेचा हा प्रश्न अनुस्यूत आहे.

मुद्रणतंत्र आणि कृष्णधवल पडदा

चित्रित मुखपृष्ठाचे मूळ सौंदर्यदृष्टीइतकेच तंत्राच्या मर्यादेत आहे. त्या काळी रंगीत मुखपृष्ठ हाफटोन ब्लॉकवरून छापले जाई. मूळ चित्राचे निरनिराळ्या रंगगाळण्यांतून जाळीदार काचेआडून छायाचित्रण करून पिवळा, लाल, निळा आणि आवश्यकतेनुसार काळा यांचे स्वतंत्र धातूचे ब्लॉक करीत. कागद प्रत्येक रंगासाठी यंत्रातून पुन्हा जाई. एक रंग किंचित सरकला तरी ओठांची लाली गालावर येई. ही सर्व खटपट खर्चिक असल्याने ब्लॉक जपून ठेवले जात व प्रसंगी पुन्हा वापरले जात. म्हणून एकच चित्र दोन ठिकाणी आढळल्यास ते उसनवारीचे लक्षण न मानता छपाईच्या अर्थकारणाचा पुरावा मानणे अधिक योग्य ठरेल.

उत्तम रंगीत छायाचित्र दुर्मीळ असताना चित्रकार हाच रंगाचा भरवशाचा पुरवठादार होता. याहून महत्त्वाची बाब म्हणजे त्या काळचा पडदा कृष्णधवल होता. प्रभातने 'सैरंध्री' (१९३३) रंगीत करण्याचा प्रयत्न केला, त्यासाठी जर्मनीतील प्रक्रियेचे साहाय्य घेतले. परंतु तो यशस्वी झाला नाही. आर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा 'किसान कन्या' (१९३७) हा देशात प्रक्रिया झालेला पहिला रंगीत बोलपट मानला जातो. तरीही रंगीत चित्रपट पुढील दोन दशके अपवादच राहिला आणि मराठीत तर व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) च्या काळापर्यंत पडदा मुख्यतः कृष्णधवलच होता.

याचा अर्थ असा की, नायिकेच्या साडीचा रंग, तिच्या कपाळावरचे कुंकू, तिच्या त्वचेचा वर्ण या गोष्टी प्रेक्षकाने पडद्यावर पाहिल्याच नव्हत्या. त्या त्याने मुखपृष्ठावर पाहिल्या. मुखपृष्ठ हे पडद्याचे अनुकरण नव्हते. पडदा जे दाखवू शकत नव्हता, ते मुखपृष्ठ पुरवीत होते. चित्रकाराने निवडलेला गोरा, गुलाबी वर्ण हा म्हणूनच निरागस ठरत नाही. तारकेचा वर्ण कसा असावा, याविषयीची सामाजिक अपेक्षा या रंगातून घडली व पक्की झाली.

१९५२ मध्ये 'फिल्मफेअर' सुरू झाले आणि मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या साधनसामग्रीच्या बळावर मुखपृष्ठावर छायाचित्राचे प्रस्थ वाढले. ऑफसेट मुद्रणाच्या प्रसारानंतर चित्रित मुखपृष्ठ चित्रपटविषयक नियतकालिकांतून मागे पडले. दिवाळी अंकांनी मात्र ते पुढेही जपले. दलाल १९७१ मध्ये व मुळगांवकर १९७६ मध्ये निवर्तले. तंत्रातील बदल आणि एका पिढीचा अस्त जवळजवळ एकाच वेळी घडला.

मुखपृष्ठ काय सांगते आणि काय दडविते

मुखपृष्ठाकडे साधन म्हणून पाहताना त्याच्यावर भाबडा विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. 'फिल्मइंडिया'चेच उदाहरण पाहता येईल. मुखपृष्ठावर तारकेचा देखणा चेहरा आणि आत बाबूराव पटेलांची जहाल परीक्षणे, असा हा अंक असे. बाहेर गौरव, आत प्रहार. दोन्ही बाबी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या: मुखपृष्ठ अंक विकत घ्यायला लावी आणि मजकूर पुढचा अंक घ्यायला लावी. मजकूर जपून मुखपृष्ठ टाकून दिले, तर हा व्यवहार अभ्यासकाला अर्धाच दिसतो.

दुसरे उदाहरण शांता आपटे यांचे. 'अमृतमंथन' (१९३४), 'कुंकू' (१९३७) या प्रभातच्या चित्रपटांमुळे त्या देशभर गाजल्या. १९३९ मध्ये करारासंबंधीच्या वादातून त्यांनी प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक मराठीत लिहून चित्रपटव्यवसायातील स्त्रीच्या स्थितीची परखड चिकित्सा केली. त्या दशकातील मुखपृष्ठांवरील नायिका मात्र सदैव प्रसन्न, निवांत आणि निर्व्यापार आहे. ती काम करताना दिसत नाही, वेतन मागताना तर नाहीच. मुखपृष्ठ आणि हे पुस्तक शेजारी ठेवले असता चित्रकाराने रंगविलेली स्त्री व श्रम करणारी स्त्री यांतील अंतर लक्षात येते. मुखपृष्ठाचे साधनमूल्य त्याच्या सत्यतेत नसून त्याने केलेल्या निवडीत आहे, हे यावरून स्पष्ट होते.

साहित्यिक मासिकांवरील दिव्याचे तबक घेतलेली, पदर सावरलेली स्त्री हीदेखील अशीच एक निवड होय. ज्या काळात मराठी स्त्री शाळा, रुग्णालय, कचेरी व कारखाना येथे प्रवेश करीत होती, त्याच काळात मुखपृष्ठाने तिला उंबरठ्यावर उभे केले. वाचकवर्गाला बदल हवा होता आणि बदलाची धास्तीही होती. मुखपृष्ठाने या दोहोंचा तोल सांभाळला.

तुलनेसाठी पोलंडचे उदाहरण

या विषयाची व्याप्ती समजण्यासाठी एका परदेशी उदाहरणाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. पोलंडमध्ये १९४५ मध्ये चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. चित्रपट विकण्याची निकड कमी झाल्याने भित्तिपत्रकावर नटनटींचे चेहरे असलेच पाहिजेत, हे बंधन शिथिल झाले. हेन्रिक तोमाशेव्स्की, एरिक लिपिन्स्की आदी चित्रकारांनी रूपक, रेषा व अक्षर यांच्या आधारे चित्रपटाचा आशय मांडला. १९४८ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तोमाशेव्स्कींना अनेक प्रथम पारितोषिके मिळाली. याउलट १९४६ मध्ये तेथे सुरू झालेल्या 'फिल्म' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर नटनटींच्या चेहऱ्यांचे आकर्षण कायम राहिले. वाचकाने विकत घ्यावयाच्या अंकाला चेहरा लागतोच, मग अर्थव्यवस्था कोणतीही असो, असे यावरून म्हणता येईल.

तथापि आपल्या दृष्टीने खरा फरक पुढील आहे. वॉर्सा येथे १९६६ मध्ये भित्तिपत्रकांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले व १९६८ मध्ये विलानुफ येथे भित्तिपत्रकांचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. आपल्याकडे चित्रकार कमी प्रतीचे नव्हते. कमतरता होती ती छापील कागद जपण्याची.

कागद जपण्याची निकड

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांपैकी अत्यल्प आज उपलब्ध आहेत. १९३१ च्या 'आलमआरा' या पहिल्या बोलपटाची प्रत अस्तित्वात नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी चित्रफितींबरोबरच भित्तिपत्रके, पुस्तिका व नियतकालिके यांचाही संग्रह केला. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील प्रभातच्या जुन्या साठवणगृहास लागलेल्या आगीत नायट्रेटवरील अनेक मौल्यवान फिती भस्मसात झाल्या. चित्रफीत नष्ट झाल्यावर तिच्याविषयीचा कागद हाच मुख्य पुरावा उरतो. तोही आपण बांधणीच्या टेबलावर फाडून टाकत असू, तर इतिहासाची दुसरी दारेही आपणच बंद करीत आहोत.

बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात

हा विषय केवळ मुंबई–पुण्याचा आहे, असा आक्षेप येऊ शकतो. वस्तुतः मुखपृष्ठाचे खरे कार्य मोठ्या शहराबाहेरच अधिक होते. निरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्यात बागायती शेती वाढली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिच्याबरोबर कामगार, कारकून, तंत्रज्ञ व शिक्षक असा नियमित वेतनाचा वर्ग आला. १९४८ मध्ये राज्य परिवहनाची बससेवा सुरू झाली व पुढे गावोगावी पोहोचली. १९६२ मध्ये बारामतीत महाविद्यालय सुरू झाले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने तालुका व ग्रामीण वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. वाचकवर्ग निर्माण होण्याचे हे टप्पे होत.

चित्रपटाची प्रत मोठ्या शहरांत फिरून मग तालुक्याच्या गावी येई आणि खेड्यात ती जत्रेतील तंबूतच दिसे. मासिकाचा अंक मात्र बसने त्याच्या आधी येई. वाचनालयाच्या मेजावर ठेवलेले मुखपृष्ठ वाचता न येणाऱ्यासही पाहता येई. ते फाटून केशकर्तनालयाच्या किंवा चहाच्या हॉटेलच्या भिंतीवर गेले, तरी त्याचे आयुष्य संपत नसे, उलट वाढे. म्हणून ग्रामीण प्रेक्षकाच्या दृष्टीने मुखपृष्ठ हे अनेकदा चित्रपटाचे स्मरण नसून त्याची पहिली भेट होती.

मोठ्या शहरांतील संग्रहालयांत एखाद्या अंकाची स्वच्छ प्रत असेलही. परंतु येथील वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक व देवघेवीच्या तारखा असलेली प्रत दुसरीकडे मिळणार नाही. ती प्रत सांगते की, हा अंक या गावी आला होता आणि तो अनेकांच्या हातून गेला होता. राष्ट्रीय संग्रहाने कलेचा इतिहास लिहिता येतो. वाचकाचा इतिहास मात्र स्थानिक प्रतीवरूनच लिहावा लागतो.

निष्कर्ष व सूचना

१. १९३५ ते १९७५ या काळातील चित्रित मुखपृष्ठ हे चित्रकला, मुद्रणतंत्र व बाजारपेठ यांच्या संयोगातून निर्माण झाले. तंत्र बदलताच त्याचे स्थान बदलले.

२. कृष्णधवल पडद्याच्या काळात मुखपृष्ठाने तारकेला रंग दिला. त्यामुळे सौंदर्य व वर्ण यांविषयीच्या कल्पनांच्या अभ्यासात त्याला प्राथमिक साधनाचे स्थान द्यावे लागेल.

३. मुखपृष्ठ आतील मजकुराशी व समकालीन लेखनाशी ताडून पाहिल्यासच त्याचा अर्थ लागतो. म्हणून ते अंकापासून तोडणे म्हणजे पुरावा अर्धा करणे होय.

४. महाविद्यालयीन व सार्वजनिक ग्रंथालयांनी जुन्या नियतकालिकांची बांधणी करताना किंवा ती निर्लेखित करताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने अंकासोबतच ठेवावीत. नियतकालिकाचे नाव, महिना व वर्ष, चित्रकाराची सही, मुद्रकाचे नाव, ब्लॉक तयार करणाऱ्याचे नाव असल्यास ते, किंमत आणि वाचनालयाचा शिक्का अशा सात रकान्यांची नोंद ठेवणे कोणत्याही ग्रंथालयास शक्य आहे. इतिहास, मराठी व ग्रंथालयशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी इतिहासाच्या एका प्राध्यापकाने ते गठ्ठे उघडून पाहावेत, एवढी व्यवस्था जरी प्रत्येक महाविद्यालयाने केली, तरी आपल्या परिसराच्या वाचनसंस्कृतीचा पुष्कळसा पुरावा रद्दीच्या काट्यावर जाण्यापासून वाचेल.